पावती आहे, परवाना नाही

मुंबईत फेरीवाल्यांना परवाने द्यायला पालिका उशीर करते, असं म्हणणारे लोक फार उतावीळ असतात. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 साली आला आणि त्याच वर्षी पालिकेने सर्वेक्षणसुद्धा उरकलं. अर्ज आले जवळपास लाखभर. मग छाननी सुरू झाली. कुणाचा अधिवास दाखला नाही, कुणाचं आणखी काही नाही, असं करता करता पहिल्या गाळणीतून पंधराएक हजारच पात्र म्हणून खाली पडले. पुढे फेरीवाल्यांच्या निवडणुकीसाठी मतदार यादी करायची वेळ आली तेव्हा हाच आकडा 32 हजारांवर गेला. चाळणी झटकली की वर उरलेल्यांतले काही पुन्हा खाली पडतात, हे गृहिणींना ठाऊक असतं. फेरीवाला क्षेत्रं कुठे असावीत हे सांगणाऱ्या समितीवर 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, तर त्यासाठी मतदान व्हायला 2024चा ऑगस्ट उजाडला. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करा, असंही कायदा म्हणतो. पहिलं निस्तरल्याशिवाय दुसरं कसं करणार?

एवढ्या काळात शहर काही रिकामं बसलं नाही. परवान्यावाचून कसं चालवायचं याचा अनुभव पालिकेला जुना आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ती विनापरवाना फेरीवाल्यांकडून रोजची पावती फाडायची. तिचं सरकारी नाव ‘अनधिकृत जागावापर व कचरा उचलण्याचा आकार’ अशा थाटाचं होतं. म्हणजे तुम्ही इथे बसणं बेकायदा आहे, पण बसलाच आहात तर पैसे द्या, आणि उठताना झाडलोट आम्ही करू. पुढे ही पद्धत बंद पडली. फेरीवाल्यांनी मात्र त्या पिवळट पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपल्या, कारण आपण किती वर्षं बेकायदा बसतोय याचा तोच एक सरकारी पुरावा.

2020पासून केंद्र सरकार फेरीवाल्यांना पंतप्रधान स्वनिधी योजनेतून कर्ज देतं, पहिला हप्ता 2025पर्यंत 10 हजारांचा होता. ज्याच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही, त्यालाही पालिकेचं शिफारसपत्र चालतं. पत्र देणारी पालिका आणि माल उचलणारी पालिका एकच आहे, हे बँकेला विचारायचं नसतं.

दादरला पश्चिमेला मोजे-रुमाल विकणाऱ्या एकाकडे हे सगळं आहे: कर्जाचे कागद, दांडीला लटकवलेला क्यूआर कोड, दंडाच्या पावत्या. निळ्या ताडपत्रीच्या चारही टोकांना दोऱ्या. ‘गाडी आली’ अशी हाक कोपऱ्यावरून ऐकू आली की एक हिसका, आणि दुकानाचं गाठोडं होऊन जिन्याखाली जातं. सगळं अर्ध्या मिनिटात. क्यूआर कोड तेवढा दांडीवर राहतो. तो जप्त करण्याची तरतूद बहुधा नसावी. रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत धंदा नको, असा उच्च न्यायालयाचा 2017चा निकाल आहे. ‘‘मला पाठ आहे,’’ तो म्हणाला. ‘‘गाडीवालेही तोच बोलतात.’’

चालणाऱ्याचं काय म्हणता? त्याच्यासाठी फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळे ठेवावेत, असं रस्त्यांचं मानक सांगतं, आणि चांगला फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2025च्या मे महिन्यात बजावलं. पक्क्या दुकानांच्या पायऱ्या, शटरबाहेर आलेले पुतळे आणि पार्क केलेल्या स्कूटर यांतून तो हक्क बजावता येतो. आडवं चालायची सवय हवी. पायरी बाहेर काढणाऱ्या दुकानदाराच्या पाठीमागे मात्र कुणी ‘गाडी आली’ म्हणून ओरडत नाही.

मोजेवाल्याला विचारलं, ‘‘परवाना मिळाला तर सुटशील ना?’’

‘‘सुटेन की. वर्षाची फी एकदाच भरायची, तीही खिडकीवर. पण साहेब, मग महिन्याच्या महिन्याला जे येतात, त्यांच्या घरचं कसं चालायचं?’’