आवक-जावक

भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी स्टोअर सांभाळतोय. सळयांचा गठ्ठा पट्ट्यातून निसटून माझ्या उजव्या नडगीवर आला तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो नग मोजायचे राहिले हा. पुढे डॉक्टरांनी त्याच नडगीत वरपासून खालपर्यंत एक सळई घातली. क्युंट्शर नावाच्या जर्मन सर्जननं १९४० च्या सुमारास ही युक्ती रूढ केली. ज्या मालानं मोडलं त्याच मालानं जोडायचं, हा व्यवहार स्टोअरवाल्याला तरी चोख वाटला.

हाड मात्र आपल्या सवडीनं जुळतं. ईएसआयकडून पगाराचे ९० टक्के येत होते. उरलेले दहा बघायला येणाऱ्यांच्या शहाळ्यांत वळते झाले असं मी धरून चाललो. दोन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंनी जमिनीवर वजनकाटा मांडला. "काका, यावर पाय टेका. वीस किलोच हं, एकवीस नाही." जन्मभर टनावारी माल तोललेला मी स्वतःचाच पाय कांद्यासारखा पासरी-पासरीनं घालत होतो. सुई अठरावर येऊन, शेजाऱ्याच्या दारात उसनं मागायला आलेल्या माणसासारखी घुटमळायची. मांडी तर वाळून शेवग्याची शेंग झालेली. माझे वडील बाजारात मापाडी होते. धान्य मोजताना ते पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. तो सूर चाळीस वर्षांत आठवला नव्हता. कुबडी बाजूला ठेवून भिंतीपासून सुटलो त्या दुपारी तोंडातून आपसूक निघालं, "लाभ." स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, "काही मागितलंत का?"

सातव्या महिन्यात कामावर गेलो. टेबलाखाली कुणीतरी उलटा क्रेट ठेवून त्यावर गोणपाटाची घडी घातली होती, पाय टेकायला. मदतनीस पोरगा मात्र मान वर न करता बोल्ट मोजत बसलेला. सवयीनं मी दुरुस्तीला बाहेर गेलेल्या मालाचं रजिस्टर उघडलं. रिवाइंडिंगला गेलेली मोटार आणि गळका पंप यांच्या मधोमध, त्याच्या तिरप्या अक्षरात नोंद होती: 'स्टोअरचे काका, १ नग.' पुढचा 'परत आल्याची तारीख' हा रकाना कोराच. ऑडिटवाल्यांनी हे पाहिलं असतं तर! खोडायला म्हणून पेन उघडलं, थोडा वेळ तसाच बसलो, आणि रकान्यात तारीख घातली. शेऱ्यात लिहिलं: 'वजनात घट. एक सळई जादा.'