फ्रिजपुढचा पाट

ती. अप्पा व ती. सौ. आई यांस बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपण धाडलेले पार्सल परवा पोचले. मेतकूट, भाजणी आणि कुरडया (ज्यांपैकी निम्म्यांचा वाटेत चुरा झाला असून तो सौ. मेधाने उपमा म्हणून खपविला) या सर्वांच्या तळाशी जुन्या ‘गावकरी’च्या पानात गुंडाळलेले फ्यूज वायरीचे एक भेंडोळे आणि अप्पांचा लाल मुठीचा टेस्टर निघाला, तेव्हा त्या रात्रीच्या फोनचा आपण दोघांनी काय अर्थ घेतला असावा, हे माझ्या ध्यानात आले. चि. सोहमने आजीला ‘बाबांना शॉक बसला’ एवढे सांगून फोन ठेवला, हे खरे. परंतु तो शॉक विजेचा नसून वायरमनने सांगितलेल्या रकमेचा होता, हे उत्तरार्धाचे वाक्य खेळायला जाण्याच्या घाईत त्याने गिळून टाकले. सबब काळारामाला कबूल केलेला नारळ आईने खुशाल फोडावा, पण कारण बदलून घ्यावे.

आमचे घर 1957 सालचे. बाहेरून पाहणाऱ्याला ते गंगापूर रोडवरच्या बंगल्यासारखे रुबाबदार वाटते. पण आतले वायरिंग ज्या काळी घरात एक रेडिओ, एक फ्रिज आणि चार दिवे एवढाच विजेचा परिवार असे, त्या काळचे. येथून चार मैलांवर एडिसन नावाचे गाव आहे. पूर्वी त्याचे नाव रॅरिटन होते, 1954 साली ते बदलून थोर संशोधकाचे नाव दिले. 1879 साली त्याने ज्या मेन्लो पार्कात दिवा लावला, तेथे मनोरा उभारून त्याच्या शेंड्यावर सुमारे 14 फूट उंचीचा काचेचा दिवा बसविला आहे. तो आम्ही दर पाहुण्याला दाखवितो. आणि पाहुणा घरी परतून चहाला बसला, मेधाने मायक्रोवेव्ह व टोस्टर एकदम चालू केला, की आमचे स्वयंपाकघर काळोखात बुडते.

ओटा नवा करावयास घेतला आणि त्या निमित्ताने येथील कायद्याशी ओळख झाली. आपल्याच घरात, आपल्याच पैशाने सॉकेट बसवावयाचे तरी अर्ज, नकाशा, फी, परवाना; भिंत बुजविण्यापूर्वी तपासनीस येणार, बुजविल्यावर पुन्हा येणार. ओट्यामागच्या भिंतीवरचा कोणताही बिंदू सॉकेटपासून 24 इंचांहून दूर असता कामा नये, आणि बैठकीच्या खोलीत 6 फुटांहून! मी तपासनिसांना अदबीने विचारले की, नाशकात आमच्या पाच खोल्यांत मिळून चार प्लग होते व तेवढ्यावर आमच्या दोन पिढ्या पदवीधर झाल्या, तर येथे एवढ्या भोकांचे प्रयोजन काय? त्यांनी शांतपणे सांगितले, ‘म्हणजे तुम्ही एक्स्टेन्शनची वायर गालिच्याखालून नेणार नाही.’ ती वायर त्या क्षणी त्यांच्याच बुटाखाली होती.

मोठा बोर्ड, म्हणजे 100 अँपिअरचा काढून 200 चा, आणि स्वयंपाकघराचे वायरिंग, यांचे 4,200 डॉलर सांगितले. आई, याचे रुपये करू नकोस. (अप्पांनी एव्हाना केलेच असतील: साडेतीन लाखांच्या वर.)

अप्पांना रस वाटावा अशी गोष्ट निराळीच आहे. आमच्या खोल्यांतल्या सर्व सॉकेटांना तीन भोके होती. झाकण काढून पाहतो तो मागे वायरी दोनच! पूर्वीच्या मालकाने दोन भोकांची जुनी सॉकेटे काढून तीन भोकांची बसविली होती. तिसरे भोक केवळ शोभेचे. येथील नियम अशा ठिकाणी भिंत न फोडता एक सवलत देतो: गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवावे आणि सॉकेटवर ‘अर्थिंग नाही’ अशी चिठ्ठी चिकटवावी. स्वतःचे वैगुण्य असे कपाळावर लावून बसलेली वस्तू मी जन्मात प्रथम पाहिली. आईला हे यंत्र समजेल, कारण तिची धोब्याची वही त्याच तत्त्वावर चालते: गेले किती, आले किती, आणि एक रुमाल कमी भरला की व्यवहार बंद. येथले यंत्र सुमारे 5 मिलिअँपिअरची तूट आली की निमिषार्धात वीज तोडते. आपल्याकडच्या साठ वॉटच्या दिव्यातून वाहते तिच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. तेव्हा ‘एकशेवीस व्होल्टला कसली आली वीज’ हा अप्पांचा उपहास मी ऐकून घेतला, तरी मान्य करीत नाही.

बोर्ड बदलला त्या दिवशी पहाटेपासून रात्री नऊपर्यंत वीज नव्हती. मुले भांबावली. मी मात्र पायरीवर बसलो आणि मला पंचवटीतली आपली गच्ची आठवली: लोडशेडिंग, पलीकडच्या तीरावर दिवे आणि आपल्याकडे अंधार, एकलहऱ्याची धुराडी आपल्याच नाशकात असूनही हा अन्याय का, यावर तात्यांचे व्याख्यान, आणि वीज येताच आळीभर एकदम उठणारी ‘आली!’ ही आरोळी. येथे नऊ वाजता दिवे लागले आणि कोणीच ओरडले नाही. मी हळूच ओरडून घेतले.

असो. गंगेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, हे कळले. नंदाला स्थळ सांगून आले ते उत्तम. मुलगा सिडकोत राहतो ही काकूंची हरकत मात्र फेटाळावी. पण काकू मागच्या खोलीत एसी बसविणार, हे आईने जाता जाता सांगितले, त्याने माझी झोप उडाली. त्या खोलीत अजून लाकडी पट्टीवरचे वायरिंग आहे. आणि फ्रिजपुढे पाट आहे. लहानपणी मला वाटे की, फ्रिज सोवळ्यातला असल्यामुळे तो पाटावर उभे राहूनच उघडावयाचा; पाटावरून पाय घसरला की हाताला मुंग्या येतात, ही देवाची शिक्षा. तिसऱ्या वायरीपाशी पोचल्यावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मला त्या मुंग्यांचा उलगडा झाला. तुळशीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून अप्पा उन्हाळ्यात नेमाने बादलीभर पाणी ओतीत. पण तेथून निघालेली तार न्हाणीघराच्या दुरुस्तीत तुटली ती पुन्हा जोडल्याचे मला स्मरत नाही. आम्ही एडिसनच्या मनोऱ्याखाली आणि आपण वीज मंडळाच्या निवृत्तिवेतनाखाली. दोन्हीकडे दिव्याखाली अंधार!

तेव्हा अप्पा, परवानाधारक वायरमनला याच आठवड्यात बोलवावे. अर्थिंग तपासून घ्यावे, 30 मिलिअँपिअरचे गळतीचे यंत्र बसवावे, आणि मागच्या खोलीचे वायरिंग नवे होईतो काकूंचा एसी खोक्यातच राहू द्यावा. पैसे पाठविले आहेत. नकार देऊ नये. पाट आईने देवघरात न्यावा.

आपला,
बाळू

ता. क. फ्यूज वायर परत पाठवीत आहे. 2011 च्या अंतिम सामन्याच्या रात्री फ्यूज उडाला, तेव्हा आपण किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार घातलीत, ती अजून तिथेच आहे. ती काढून ही घालावी.