पिसवांचा बंदोबस्त

पिसू हा जीव लांबीने उणापुरा तीन मिलिमीटर भरत असला, तरी पुणेकरांच्या स्मृतीत त्याने बळकावलेली जागा एखाद्या जहागीरदारालाही हेवा वाटावा इतकी ऐसपैस आहे. १८९७ साली रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने याच शहरात घरोघरी झडत्या घेतल्या, माणसे इस्पितळांत आणि छावण्यांत रवाना केली, चीजवस्तू रस्त्यावर आणून जाळल्या; परंतु हा सारा अंमल चालू असताना ज्याच्यावर समन्स बजावायचे, तो खरा गुन्हेगार कोणाच्याही फिर्यादीत नव्हता, कारण उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते त्यानंतरच्या वर्षी, आणि तेव्हाही पुष्कळ विद्वानांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारले.

आमच्या मातोश्रींच्या सासूबाईंनी प्लेगच्या सालात गावाबाहेर झोपडीत काढलेल्या दिवसांची हकीकत आमच्या घराण्यात पिढीजात चालत आलेली असल्यामुळे, यंदाच्या श्रावणात मोत्या मागच्या पायाने अहोरात्र कान खाजवू लागला आणि त्याच्या केसांतून गळलेली काळी कणी ओल्या कागदावर ठेवताच तिच्याभोवती तांबूस रिंगण उमटले, तेव्हा मातोश्रींनी घर सोडण्याचा ठराव तात्काळ मांडला. ती कणी म्हणजे पिसवेची विष्ठा, अर्थात मोत्याचेच पचून वाळलेले रक्त, हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले. प्लेगची ती पिसू उंदराची, ही निराळी; कुत्र्याच्या अंगावर बहुधा जी आढळते तिला शास्त्रज्ञांनी मांजराची पिसू असे नाव दिलेले आहे; तिच्यापासून मोत्याला भय आहे ते खाजेचे, कातडी चिघळण्याचे आणि दाताने टिपताना ती गिळली गेल्यास पोटात होणाऱ्या पट्टकृमींचे, असेही मी निवेदन केले. मातोश्रींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे मनीनेच आणल्या ना?" कपाटावर बसलेल्या मनीने याचा खुलासा केला नाही, आणि घरातील मतांचे पारडे त्या क्षणापासून तिच्याविरुद्ध झुकले.

आता पिसवांच्या कारभाराची एक खुबी अशी की, कुत्र्याच्या अंगावर दिसतो तो केवळ फिरतीवरचा अधिकारीवर्ग. त्यांची कचेरी दुसरीकडेच असते. घरातील एकंदर पिसवांच्या लोकसंख्येपैकी प्रौढ, रक्तपिपासू आणि दृष्टीस पडणाऱ्या अशा शंभरांत जेमतेम पाच. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळी आणि कोष या तीन अवस्थांत सतरंजीखाली, फरशीच्या फटींत आणि दिवाणाच्या पोटात सुखाने नांदत असतात. मादी एका दिवसात चाळीसपर्यंत अंडी घालते. ती चिकट नसल्यामुळे कुत्रा जेथे लोळेल तेथे गळतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेडाला भिऊन अंधारात सरकतात व वरून पडणाऱ्या त्या काळ्या कण्यांवरच पोसतात. आणि कोषातील पिसू तर पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासाचा वायू यांची वर्दी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने दम धरून बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कुलूप काढून घरात पाऊल टाकणाऱ्या कुटुंबाच्या पोटऱ्यांवर जे स्वागत होते, त्याचे मूळ या धीरात आहे. सबब मोत्याला औषध लावून पाच टक्के शत्रू पडला तरी अंथरुणे कढत पाण्यात धुणे, उन्हात टाकणे, कोपरे झाडून काढणे हे कंटाळवाणे काम आठवड्यामागून आठवडे केल्यावाचून गत्यंतर नसते. परंतु मनुष्यस्वभावच असा की, चार दिवसांनी पुन्हा पिसू दिसली म्हणजे तो सतरंजी उचलत नाही. कुत्र्यावरची मात्रा वाढवतो.

या स्वभावाचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे आमचे शेजारी. न्यायखात्यात शिरस्तेदार म्हणून हयात घालवल्यामुळे कोणत्याही प्रकरणी एकच उपाय पुरेसा मानणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. मोत्याचे वर्तमान कळताच ते हातात कागद घेऊन आले आणि त्यांनी कलमवार वाचायला आरंभ केला: अंगाला रॉकेल चोपडावे, तंबाखूच्या पाण्याने न्हाऊ घालावे, खोबरेल तेलात कापूर खलून लावावा, रोज भाकरीत लसूण ठेचून घालावी, आणि इतक्यावर न भागल्यास त्यांच्या माळ्यावर गमॅक्सिनचा जुना डबा आहे, तो ते देण्यास तयार आहेत. मला त्यांच्या सद्भावाविषयी तिळमात्र शंका नाही. तथापि रॉकेलाने कातडी भाजते आणि चाटता चाटता ते फुप्फुसात उतरले तर प्राणावर बेतते. तंबाखूतले निकोटीन हे निखळ विष. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. गमॅक्सिन काय आहे ते त्या डब्यावरची कवटीच सांगत होती. आणि लसणीने तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. ज्याचे रक्त पिसवा आधीच वसूल करीत आहेत, त्याच्यावर मालकानेही दुसरा सारा बसवावा, हे कोणत्या कायद्यात बसते, असे मी त्यांना विचारले. "आमच्या वेळी कुत्री मरत नव्हती," असे ते म्हणाले. त्यांच्या वेळची कुत्री कोठे आहेत, हा प्रश्न मी सभ्यतेपोटी गिळला.

अखेर आम्ही पशुवैद्याकडून मानेवर सोडायच्या थेंबांची एक नळी आणली. नळी करंगळीएवढी, पण सोबतचा मजकूर खरेदीखताएवढा आणि अक्षर मुंगीला चष्मा लागावा असे. त्यातले पहिले कलम वजनाचे होते: दहा किलोंपर्यंत एक नळी, दहा ते वीस दुसरी, वीस ते चाळीस तिसरी, चाळीस ते साठ चौथी. मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटून घ्यावी, असा काटकसरीचा विचार आमच्या पेठेत कोणालाही सुचण्यासारखा आहे, आणि तो अजिबात करू नये असे त्यात बजावलेले होते. कारण अर्धी नळी नजरेने मोजता येत नाही, आणि चूक झाली तर ती लहान कुत्र्याच्याच अंगावर होते.

मोत्या एकटा काट्यावर उभा राहीना. तेव्हा मी त्याला उचलून उभे राहावे आणि एकूण वजनातून माझे वजा करावे, ही सर्वमान्य रीत अवलंबण्यात आली. काट्याने दोघांचे मिळून बरोबर शंभर किलो दाखवले. माझे वजन ७४ असल्याचे मी सांगितले, आणि त्या हिशेबाने मोत्या २६ किलोंचा ठरून तिसऱ्या नळीस पात्र झाला. सौभाग्यवतींनी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, एकटे उभे राहा," त्या म्हणाल्या. मी एकटा उभा राहिलो असता काट्याने ८२ दाखवले, मोत्या १८ वर आला आणि दुसऱ्या नळीत जाऊन बसला. पुरुषाच्या वजनाविषयीच्या प्रामाणिकपणावर कुत्र्याचे आरोग्य अवलंबून असते, ही गोष्ट त्या खरेदीखतात मात्र कोठेही छापलेली नाही.

थेंब सोडण्याची जागा दोन खांद्यांच्या मधली, जेथे जीभ पोहोचत नाही अशी. केस दुभागून औषध कातडीवर पडले पाहिजे, केसांवर नव्हे. आदल्या आणि पुढच्या दोन दिवसांत स्नान नाही. आणि वाळेपर्यंत मुलांनी मिठी मारायची नाही. एवढे सगळे आम्ही यथासांग पार पाडले. इतक्यात शिरस्तेदार गळ्यातला औषधी पट्टा, एक पावडर आणि एक गोळी घेऊन हजर झाले व ती सर्व एकदम लागू करावीत असा त्यांनी आग्रह धरला. दोन विषे एकमेकांशी काय करार करतात हे पशुवैद्याला विचारल्याखेरीज त्यांना एका अंगावर नांदवू नये, असे सांगून मी त्यांना चहा दिला. त्या गोळ्यांपैकी एका नव्या वर्गाबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ साली असा इशारा दिलेला आहे की, बहुसंख्य कुत्र्यांना त्या निर्धोक असल्या तरी क्वचित एखाद्याला कंप सुटतो किंवा झटके येतात. म्हणून ज्याला पूर्वी फेफरे आले असेल त्याची हकीकत पशुवैद्यापासून लपवू नये. तसेच गुरांच्या जंतांसाठी मिळणारे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अदमासाने कुत्र्याला टोचण्याचा प्रघात खेडोपाडी आहे. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असा असतो की, ते औषध त्यांच्या मेंदूत शिरकाव करते आणि कुत्रे उठतच नाही.

घरात मोत्याखेरीज सहा आठवड्यांचे एक पिल्लूही होते. त्याचे नाव तीन पक्षांच्या मतभेदामुळे ठरायचे होते, तरी पिसवांनी त्याच्या बारशाची वाट पाहिली नव्हती. आमच्या नळीवर आठ आठवड्यांच्या आत लावू नये असे स्पष्ट फर्मान असल्याने, आणि इवल्याशा देहातले रक्त पिसवांनी प्याले तर पिल्लू पांढरेफटक पडून दगावू शकते म्हणून, दोन आठवडे स्वस्थ बसणेही शक्य नव्हते. सबब आमची मुले रोज सकाळी बारीक दात्यांची फणी घेऊन बसत, सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवत, आणि कोमट पाण्याने अंघोळ झाल्याबरोबर पिल्लाला पंचात गुंडाळून कोरडे करीत. या कामात जितका आरडाओरडा झाला त्याच्या मानाने पिसवा थोड्याच निघाल्या, पण निघाल्या.

मनीचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्रा ते निभावून नेतो, मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही, आणि थोडक्या मात्रेनेही त्याला थरथर सुटते व झटके येतात. औषध ओले असलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपले तरी तेवढे पुरते. आमच्या नळीत परमेथ्रिन नव्हते, तरीही मनीला एक रात्र स्वयंपाकघरात बंद ठेवण्यात आले, आणि गुन्हा तिचाच होता याची मातोश्रींना त्यामुळे पक्की खात्री पटली. लाळ गळणे, ओकारी, तोल जाणे, कंप, यांपैकी काही दिसल्यास भांडी घासायच्या पातळ साबणाने औषध धुऊन काढावे आणि खोक्यासकट पशुवैद्याकडे धावावे, अशी चिठ्ठी सौभाग्यवतींनी फडताळावर चिकटवली होती. तिचा उपयोग करण्याची वेळ आली नाही.

सौभाग्यवतींनी याच सुमारास एक वही घातली. तारीख, जनावर, वजन, औषध आणि पुढील तारीख असे तिचे रकाने. आणि हिशेब चोख राहावा म्हणून माझे वजनही त्यात ओघानेच नोंदले गेले. महिन्याभराने ती वही पशुवैद्यापुढे ठेवली असता तो तरुण गृहस्थ बराच वेळ ती न्याहाळत राहिला, मग कपाट उघडून त्याने सर्व खोकी चाळली आणि खेदाने मान हलवून म्हणाला, "मोत्याचे आणि पिल्लाचे मिळेल. पण हे तिसरे, ८२ किलोंचे, कोणत्या जातीचे आहे? साठच्या वर कंपनी नळी काढत नाही."