लक्ष कुठंय तुझं?

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तो आधी नवऱ्याकडे होता, आता आठवीतल्या लेकीकडे गेला आहे. मी कुकरच्या शेजारीच उभी असते, शिट्टी मला ऐकूही येते, पण ती पहिली की तिसरी असं विचारलंत तर मी तुमच्याकडे बघून गोड हसेन. पहिल्या शिट्टीला मी मनात 'एक' म्हणते. मग खिडकीच्या ग्रिलवर साळुंकी येऊन बसते. साळुंकी म्हणजेच मैना का, असा प्रश्न पडतो. तो सोडवायला मोबाईल हातात घेते, तर शाळेच्या ग्रुपवर कुणाच्या तरी सासऱ्यांची एकसष्टी झालेली असते आणि फोटोतल्या एका पैठणीचा रंग मोरपंखी आहे की रामा, हे ठरता ठरत नाही. तेवढ्यात शिट्टी होते. दुसरी? चौथी? आमच्याकडची तूरडाळ एक तर टणटणीत असते, नाहीतर तिचा पार लगदा झालेला असतो. लेक आतल्या खोलीत बैजिक राशी सोडवता सोडवता ओरडते, "आई, तीन झाल्या, बंद कर!" आणि तिची राशीही बरोबर सुटते. ती वडिलांवर गेली आहे.

चाळिशी उलटल्यावर मला एडीएचडी असल्याचं निदान झालं. पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं. "हल्ली सगळ्यांनाच असतं गं ते. मोबाईलमुळे."

मोबाईलला मी पाठीशी घालत नाही. पण १७९८ साली, म्हणजे इकडे दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर बसलेला असताना, अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने अशा माणसांबद्दल लिहून ठेवलं आहे. ही माणसं कशावरही मन लावू शकत नाहीत, खोलीत कुणी चाललं, टेबल सरकलं, दार जोरात लागलं तरी त्यांचं चित्त उडतं, असं त्याचं निरीक्षण. चित्त उडवणाऱ्या गोष्टींत त्याने कुत्र्याचं भुंकणं, बेसूर वाजणारा ऑर्गन आणि बायकांचं रागावणं यांची एका ओळीत वर्णी लावली आहे. गृहस्थ विवाहित असावेत. पुढे १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. दोघांच्याही खिशात मोबाईल नव्हता.

तरी वैद्यकशास्त्राची बरीच वर्षं अशी समजूत होती की हे खूळ मुलांचं असतं, आणि मुलांचं म्हणजे मुलग्यांचं. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांना दिसतो. खिडकीशेजारी गप्प बसून, फळ्याकडे बघत, मनाने आजोळच्या विहिरीवर पोचलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. माझ्या प्रगतिपुस्तकात 'शांत व सुस्वभावी' असा शेरा असायचा आणि त्याच्याखाली 'हुशार आहे, पण धांदरटपणा कमी करावा.' तो कसा कमी करावा, हे एकाही बाईंनी लिहिलेलं नाही.

तर ही प्रगतिपुस्तकं पुढे कामाला आली. मनोविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती याचा काहीतरी आधार लागतो. चाळिशीत अचानक विसरायला लागलं तर ते दुसरंच काही असू शकतं. लक्षणांची एक यादी असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांनुसार दुर्लक्षाची नऊ आणि चळवळेपणाची नऊ. मुलांमध्ये नवापैकी सहा लागतात, सतरा आणि त्यापुढच्यांना पाच पुरतात. पासिंगचे मार्क कमी केलेली परीक्षा मला आयुष्यात प्रथमच भेटली. पण दुर्लक्षाच्या पेपरात मी डिस्टिंक्शनमध्ये आल्यामुळे त्या सवलतीचा उपयोग झाला नाही.

"लहानपणाबद्दल सांगू शकेल असं कुणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगलीला आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हे त्यांना माझ्या आईची पूर्वकल्पना न देता केलं, एवढं मात्र चुकलं.

"अहो डॉक्टर, आजारबिजार काही नाही हो," आईने सुरुवात केली, "लहानपणापासून अशीच आहे ती. दळणाचा डबा देऊन गिरणीत पाठवली, तर दोन तासांनी हात हलवत परत आली. म्हटलं, पीठ कुठंय? तर म्हणे, कुठलं पीठ? वाटेत डोंबाऱ्याचा खेळ लागला होता. डबा तिथंच ठेवून बसली बघत. बरं, डबा गेला म्हणावं तर डोंबारणीनं आणून दिला घरी. गव्हासकट! तिला पत्ता कुणी सांगितला? तर हिनेच. म्हणजे घरचा पत्ता लक्षात आहे, डबा लक्षात नाही." डॉक्टर भराभर लिहून घेत होत्या. "आणि हिचं एकटीचं काय घेऊन बसलात? हिचे वडील. लग्नाच्या मुहूर्ताला माणूस मांडवात नव्हता. कुठं होता? मांडवाच्या मागं आचाऱ्याशी जिलबीच्या पाकाबद्दल बोलत होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे बऱ्याच प्रमाणात आनुवंशिक असतं, म्हणाल्या. जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा साधारण सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत येतो. पलीकडे क्षणभर शांतता. मग आईचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "ऐकलंत का? डॉक्टर सांगतायत. तुमच्या घराण्यातूनच आलंय!" जे ती लग्नापासून सांगत आली, त्याला त्या दिवशी शास्त्राचा आधार मिळाला. बाबा काय म्हणाले ते कळलं नाही. ते बहुधा ऐकत नव्हते.

लोकांना वाटतं की आम्हाला काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते सांगत सुटतात. डायरी लिही. यादी कर. आदल्या रात्री बॅग भरून ठेव. मनावर घे. अहो, हे सगळं मला पाठ आहे. या विषयावर मी गावोगाव व्याख्यानं देत फिरू शकेन, फक्त कुणीतरी मला त्या त्या गावी वेळेवर नेऊन सोडायला हवं. घोडं अडतं ते कळलेलं करण्यापाशी. वीजबिलाचंच घ्या. मुदत आज, पैसे खात्यात, हातात मोबाईल. भरायला दोन मिनिटं. भरायला बसले आणि मनात आलं, ही वीज येते कुठून? मग कोयना. मग शिवसागर जलाशय. मग ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट, धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध यावरचे वाद, १९९९ साली जलाशयाच्या तळाशी पाण्याखाली सुरुंग लावून बोगद्यात पाणी घेतलं ती करामत. रात्री एक वाजेपर्यंत मी इतकी एकाग्र होते, की शाळेतल्या बाईंनी पाहिलं असतं तर प्रगतिपुस्तकं परत मागवली असती. बिल तसंच राहिलं. कोयनेबद्दल मात्र काहीही विचारा.

याला औषध आहे. सगळ्यांना लागतं किंवा चालतं असं नाही, पण मला चाललं. मेथिलफेनिडेट. १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनतज्ज्ञाने ते प्रथम बनवलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची आणि तिच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून औषधाचं नाव 'रिटालिन' पडलं. हे मी नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "मी तुझ्या नावाने काय काढू? डबलबीन?"

आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये मोडतं. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, त्यातली एक दुकानदाराने ठेवून घ्यायची आणि दोन वर्षं जपायची. नियम योग्य आहे, गैरवापर होऊ नये हेही खरं. पण ज्या माणसांच्या हातून कागद राहत नाही, नेमक्या त्यांच्याच औषधाला दुप्पट कागद लागावेत, यात ज्याने कुणी नियम लिहिला त्याची विनोदबुद्धी दिसते. माझी चिठ्ठी तो दुकानदार दोन वर्षं सांभाळतो. माझ्याकडची प्रत दुकान ते घर एवढाही प्रवास टिकत नाही, म्हणून ती आता लेकीच्या दप्तरात असते.

गोळीने मी हुशार झाले नाही, शिस्तशीर तर नाहीच. एरवी डोक्यात संध्याकाळी सातचा दादरचा पूल असतो. गोळी घेतल्यावर गर्दी तेवढीच राहते, पण माणसं डावीकडून चालायला लागतात. भूक कमी होते, असा एक दुष्परिणाम डॉक्टरांनी बजावून सांगितला होता. मी त्याची आतुरतेने वाट पाहिली. तेवढा एक झाला नाही.

बाकी सगळी मदार घरातल्या सोयींवर. पहिली लढाई स्टीलच्या डब्यांशी झाली. मराठी स्वयंपाकघरात एका उंचीचे, एका तोंडवळ्याचे, आतलं काही न दाखवणारे डबे फळीवर ओळीने लावण्याची जी पद्धत आहे, ती माझ्यासारखीच्या मुळावर उठलेली आहे. जे मला दिसत नाही ते माझ्या लेखी जगात नसतं. एके दिवशी फळीवर रव्याचे तीन डबे निघाले होते आणि तरी त्या दिवशी मी दुकानातून रवा घेऊन आले होते. आता सगळं काचेच्या बरण्यांत. फ्रिजचा तळाचा भाजीचा कप्पा म्हणजे कोथिंबिरीचा अज्ञातवास, तिथे आता सरबताच्या बाटल्या पडून असतात आणि भाजी डोळ्यांसमोरच्या खणात. सासूबाईंनी पाहिलं आणि लग्नाची तारीख कोरलेले आपले डबे साताऱ्याला परत नेले. मी ते विकेन अशी त्यांना भीती नव्हती. कुठेतरी विसरून येईन अशी होती.

पण खरा चमत्कार सासूबाईंच्याच आवाजाने केला. मला वेळ दोनच कळतात, आत्ता आणि आत्ता नाही. साडेआठची लोकल आठ वाजता 'आत्ता नाही'मध्ये असते आणि आठ एकोणतीसला एकदम 'आत्ता'मध्ये येते. मोबाईलचे गजर लावून पाहिले. पहिला आठवडा ऐकू येतात, मग कान त्यांना घरातलं माणूस समजून दुर्लक्ष करायला लागतो. शेवटी लेकीने शक्कल काढली. आजीला व्हॉट्सअॅपवर "अगं, अजून निघाली नाहीस?" असं बोलायला लावलं आणि तेच गजराला लावलं. मी पहिल्या दिवशी हातातला टॉवेल टाकून पळाले. हा गजर एकदा शनिवारी बंद करायचा राहिला आणि लेडीज डब्यात वाजला. आजूबाजूच्या चार-पाच जणी दचकून उठून उभ्या राहिल्या. एक तर म्हणाली, "निघाले, निघाले!"

आणखी एक उपाय डॉक्टरांनी सांगितला. कंटाळवाणं काम करताना नुसतं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं. मदत करू नये, सल्ला देऊ नये, फक्त असावं. यासाठी लोक अनोळखी माणसांशी व्हिडिओ कॉल जोडून, पैसे मोजून आपापली कामं करतात म्हणे. आमच्याकडे नवरा हे फुकटात करतो. मी प्राप्तिकराची कागदपत्रं लावते, तो शेजारी पेपर वाचत बसतो. काही न करण्याबद्दल घरात शाबासकी मिळते आहे, यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

यात नवीन काय, हे मात्र मला कळत नाही. सांगलीला आमच्या वाड्यात उन्हाळ्यात पापड एकटीने कुणी लाटल्याचं मला आठवत नाही. आज आमच्याकडे, उद्या कुलकर्णीकाकूंकडे, परवा शेजारच्या आत्यांकडे. सतरंजीवर गोल करून पोळपाट मांडायचे, मधे लाट्यांचं ताट. हात चालू, तोंडं चालू. एखादीचं लाटणं थबकलं की शेजारची काही बोलायची नाही, फक्त एक लाटी तिच्या पोळपाटावर ठेवायची, की हिचा हात पुन्हा चालू. त्या घोळक्यात माझ्यासारख्या किती असतील! त्यांचं कुणी निदान केलं नाही आणि त्यांचे पापडही राहिले नाहीत. मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो, दारं लावून घेतली, पापड पाकिटातून आणायला लागलो आणि एकेकटीने सगळं वेळेवर करायचं असं ठरवून टाकलं. वाड्याचे गोडवे मी गाणार नाही, तिथली एकुलती मोरी मला चांगली आठवते. पण भाजी निवडायची असली की मी आता मेथीची जुडी घेऊन सरळ समोरच्या काकूंकडे जाते. जुडी निवडून होते. कधी कधी चप्पल तिथेच राहते.

दूध सगळ्यांचंच उतू जातं, चष्मा सगळेच शोधतात. तेव्हा हे वाचून लगेच स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. अपुरी झोप, चिंता, थायरॉइड यांनीही लक्ष उडतं. पण लहानपणापासून असंच चाललं असेल, आणि त्यापायी नोकरी, पैसा किंवा घरातला सलोखा पणाला लागत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या आणि सगळं आठवणारं घरातलं एक वडीलधारं माणूस फोनवर तयार ठेवा. अपॉइंटमेंट मात्र आत्ता घ्या. पुढचं पान वाचून मग फोन करते म्हणालात, तर त्याची तारीख मी सांगू शकते. ती 'आत्ता नाही'मध्ये गेली.