मे महिन्याचं पान

सीगलशी माझं वैर वडापावावरून आहे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवर मी पहिला घास घेणार, तोच एक पांढरा पंख नाकाला घासून गेला आणि हातात नुसता पाव उरला. मिरची तेवढी ठेवली होती. म्हणजे अक्कलही होती. बाकीचे प्रवासी त्यांना कौतुकानं वेफर्स उडवतात, तेव्हा मी इंजिनाच्या धुराकडे बघत बसतो.

अशा माणसाला मेव्हण्यानं छापखान्याच्या दिनदर्शिकेसाठी ‘सीगल आणि त्यांची पिल्लं’ हा विषय दिला. बायकोचा भाऊ, नाही कोण म्हणणार?

जानेवारीत लाँच गाठली. पुस्तकात नाव वाचलं होतं, तपकिरी डोक्याचा कुरव. समोर शंभरेक कुरव आणि एकाचंही डोकं तपकिरी नाही! लेखकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. थंडीत तो रंग उतरतो, कानामागे तीट लावल्यासारखा ठिपका तेवढा उरतो, हे त्याच पुस्तकात पुढच्या ओळीत होतं. चारशे फोटो काढले. शेपट्या, रिकामं आभाळ, शेजारच्या काकांचा कान. एका कुरवानं तर थेट लेन्सवर प्रसाद टाकला. पंखांवर तपकिरी डाग नि शेपटीला काळी पट्टी असलेले मळकट पक्षी मी पुसूनच टाकले. भिंतीवर कसं, स्वच्छ काहीतरी हवं.

राहिली पिल्लं. ती उन्हाळ्यात होत असणार, या हिशेबानं मेच्या मध्यावर आक्षीला गेलो. किनाऱ्यावर सीगल औषधालाही नाही. सुकट वाळत घालणाऱ्या एका आजींना घरट्यांचं विचारलं.

“त्यांचं घर हितं नाय,” त्या म्हणाल्या. “थंडीचे पाव्हणे ते. पाव्हणा कधी घर बांधतो का?”

आजींना काय कळतंय, असं मनाशी म्हणत मी दोन तास ऊन खाल्लं. आणि पुळणीच्या वरच्या मोकळ्या जागेत सापडलं! मूठभर, ठिपक्याठिपक्यांचं, जमिनीला चिकटून निपचित बसलेलं. मी आडवा झालो. इतक्यात दोन पक्षी कर्कश ओरडत डोक्यावर सूर मारू लागले. टोपी उडाली, चष्मा वाळूत गेला, मी सुरूच्या बनापर्यंत पळालो. पक्षी धड दिसले नाहीत, पण स्वभावावरून सीगलच, यात शंका उरली नाही.

दिनदर्शिका डिसेंबरात निघाली. अलिबागच्या एका निवृत्त शिक्षकांना मी ती मोठ्या दिमाखात नेऊन दिली. मेच्या पानाशी ते थांबले.

“ही टिटवी,” म्हणाले. “कुरवाची पिल्लं बघायची तर लडाखला जा, त्सो मोरीरीला. साडेचार हजार मीटर उंचीवर. त्याच वर्षी जन्मलेले कुरव हिवाळ्यात आपल्याकडे येतात की. सोपी ओळख आहे, पंखांवर तपकिरी डाग आणि शेपटीला काळी पट्टी.”

मी चहाच्या कपात बघत राहिलो. वर त्यांनी ऐकवलंच, १९३०च्या सुमारास सालिम अली इथंच, किहीमला, सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसायचे. “ते बघायचे हो. तुम्ही नुसतं बटण दाबलंत.”

मेव्हणा अजून बोलत नाही. उरलेल्या प्रती आमच्या माळ्यावर आहेत. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा; मेच्या पानावर गणपतीचं चित्र चिकटवून देतो.