भाडेकरूचा रंग

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या अक्काच्या वाड्यात समुद्र आला, त्या दिवशी नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते. भाच्यानं माजघरात काचेची चार फुटी टाकी मांडली आणि पिशवीतलं खास मीठ पाण्यात कालवायला घेतलं. लिटरला ३५ ग्रॅम, काट्यावर तोलून. समुद्र इथून तीनएकशे किलोमीटर लांब. अक्कानं मात्र एकच विचारलं, "पाणी कुठलं वापरायलास?"

पाणी आरओचं. आरओचं यंत्र एक बादली चांगलं पाणी देताना दोन-तीन बादल्या सोडून देतं, हे सोलापूरच्या बाईपासून किती दिवस लपणार? अक्कानं त्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली पिंप लावलं. तेव्हापासून वाड्याच्या फरशा दिवसातून दोनदा पुसल्या जातात, आणि समुद्राचा घराला झालेला पहिला फायदा म्हणून तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

टाकीत मासे दोनच. बाकी दगडाला चिकटलेल्या मखमली चकत्या आणि बटणं. निळी, पोपटी, शेंदरी. हौशी मंडळी त्यांना मश्रूम आणि झोआ म्हणतात. "पोवळ्याचेच चुलतभाऊ आहेत हे," भाचा म्हणाला. अक्कानं मंगळाची अंगठी पुढं केली. नाही, ते पोवळं वेगळं. त्याचा लाल रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, त्यामुळे जीव जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी रंग जात नाही. चादरीचा कोपरा ओला करून चोळून बघणाऱ्या आमच्या गावाच्या भाषेत, पक्का रंग. टाकीतल्या चकत्यांना सांगाडाच नाही. त्यांचा रंग जिवाबरोबर.

दगडासारखा सांगाडा असलेलं प्रवाळ भाच्यानं आणलेलं नाही, हेही सांगून टाकतो. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मालवणहून कुणी हौसेनं आणून दिवाणखान्यात टांगलेला समुद्रपंखाही त्याच पंगतीतला. भाच्याची बटणं त्या यादीबाहेरची; पुण्याच्या एका हौशी माणसानं जास्वंदीची फांदी द्यावी तशी तोडून दिलेली.

तर हा रंग येतो कुठून? थोडा त्या जिवाचा स्वतःचा. निळ्या दिव्याखाली चमकणारी प्रथिनं असतात त्याच्याकडे. पण खरी गंमत पोटात आहे. तिथं तपकिरी रंगाचं सूक्ष्म शैवाल भाड्यानं राहतं. उजेडात साखर तयार करायची आणि त्यातली बरीचशी घरमालकाला द्यायची, हे त्याचं भाडं. बदल्यात राहायला जागा, आणि मालकाचं सांडपाणी त्याला खत. पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट वाढलं की भाडेकरूचं गणगोत वाढतं आणि सगळं घर चहाच्या चोथ्यासारखं दिसू लागतं. पाणी फारच निर्मळ ठेवलं तर भाडेकरू उपाशी आणि घर फिकट. आणि पाणी तापलं तर भाडेकरू साखरेबरोबर विषही सोडू लागतो, मालक चिडून त्याला बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि पुढं स्वतःच उपासमारीनं जातो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेनं प्रवाळांच्या विरंजनाची, म्हणजे असं पांढरं पडण्याची, जगभरातली चौथी मोठी लाट जाहीर केली. ती अशाच असंख्य भाडेकरूंची हकालपट्टी.

हे सगळं ऐकून अक्कानं वर माडीकडं बघितलं.

माडीवर मास्तर राहतात. सूत रंगवण्याच्या कारखान्यात जन्म गेलेला, आता निवृत्त. भाडं महिना साठ रुपये, आणि ते वाढवण्याचा विषय निघाला की मास्तरांना ऐकू येणं बंद होतं. पण टाकी आल्यापासून ते रोज सकाळी खाली येतात, हात मागं बांधून उभे राहतात. एकदा म्हणाले, "टोन उतरलाय बघा." भाचा हसला. आठ दिवसांनी मश्रूम आक्रसून फिकट पडले. भाच्यानं दिव्यांचा उजेड हौसेनं वाढवला होता आणि या मंडळींना सावली आवडते. तेव्हापासून पाण्यातलं नायट्रेट तपासण्याचं काम मास्तरांकडं. नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग छापील पट्टीशी ताडायचा. आम्हाला दोन गुलाबी सारखेच दिसतात. मास्तर म्हणतात, "पाच आणि दहाच्या मध्ये. दहाकडं झुकलेला." चाळीस वर्षं शेड जुळवलेला डोळा, त्याला पट्टी म्हणजे बालवाडी.

उन्हाळ्याची धास्ती सगळ्यांनाच होती. टाकीला २५-२६ अंश हवेत आणि मे महिन्यात बाहेर ४२-४३. पण कोरड्या हवेनं इथं चक्क उपकार केले. पाण्यावर पंख्याचा झोत सोडला की माठासारखं बाष्पीभवन होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फार चालत नाही. फक्त उडून जातं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. अक्कानं पहिल्यांदा मायेनं खारं पाणी ओतलं होतं. आमटी आटली तर त्यात कुणी मीठ घालतं का, असं भाच्यानं समजावलं तेव्हा लगेच पटलं.

परवा भर दुपारी वीज गेली. तासाभरात इन्व्हर्टरनंही मान टाकली. भाचा ऑफिसात, फोनवर नुसता ओरडायला लागलेला. मी पोचलो तेव्हा मास्तर स्टुलावर बसून टाकीवर विंझण्यानं वारा घालत होते, गंजीफ्रॉक पाठीला चिकटलेला. थर्मामीटरचा काटा २८ वर. अक्का थोडा वेळ दारात उभी राहिली. मग पुढं येऊन तिनं त्यांच्या हातातला विंझणा घेतला.

"द्या इकडं मास्तर. साठ रुपयांत किती वारा घालणार तुम्ही?"