बंद संगणकाचे निदान

डेस्कटॉप सुरू होत नाही, तेव्हा घरातले पहिले निदान ठरलेले असते: ‘व्हायरस आला.’ यंत्रात वीजच शिरलेली नसताना व्हायरस कामाला कसा लागला, हे कोणी विचारत नाही. पुढचा उपचार म्हणजे तेच बटण अधिक जोराने दाबणे. तेही फसले की शेजारच्या इंजिनिअरला हाक. तो सिव्हिलचा असला तरी चालतो.

खरे निदान भिंतीपासून सुरू होते. सॉकेटचे बटण, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस (त्याची बॅटरी कधीच निवर्तलेली असते, फक्त कोणाला कळवलेले नसते) आणि कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच, जो झाडलोटीत हमखास बंद होतो. पंखा फिरतो पण पडदा काळा, असे असेल तर दुखणे वेगळे. तिथे आधी मॉनिटरची वायर पाहावी, मग रॅम काढून पुन्हा बसवावी.

काहीच हलत नसेल तर संशय एसएमपीएसवर. 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करणारा हा डबा. वीज तोडून त्याचा 24 पिनांचा कनेक्टर मदरबोर्डपासून सोडवावा, त्यातली हिरवी तार काळीशी जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला तर डबा निदान जिवंत आहे. निर्दोष आहेच असे नव्हे. तो उघडू मात्र नये, कारण आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून असतात.

दुरुस्तीवाला यातले काहीही न करता ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतो. पैसे मोजण्याआधी दुसरा एसएमपीएस लावून दाखवायला सांगावे.